ग्लासगोत काय पाहिलं, काय खाल्लं

परदेशातून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. काय पाहिलं आणि काय खाल्लं? २०२५ च्या मार्चअखेर मी सौंदडला परत आले तेव्हापासून समाजमंदिरात, पतसंस्थेच्या काउंटरवर, सडक अर्जुनीच्या बाजारात, एवढंच काय साकोलीच्या एस.टी.तही मला हेच विचारलं गेलं. प्रत्येकाला उभ्याउभ्या थोडं थोडं सांगितलं. आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे महिला मंडळातल्या बायांनाही वाचता येईल.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. नागपूरला शिकली, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि २०२२ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या सरकारी इस्पितळात लागली. तिचा नवरा तिकडे एका गोदामात रात्रपाळी करतो. पहिलं बाळंतपण आलं. आई तर राहिली नाही. मग बाळंतीण कोण सांभाळणार? तिकडे पाहुण्यांना सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो. मी पतसंस्थेतून बिनपगारी रजा काढली आणि ऑक्टोबर २०२४ ला निघाले. तेव्हा हे फिरायला गेलेल्या बाईचं वर्णन नाही. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, लंगोट यातून जो वेळ उरला त्यात जे दिसलं आणि जे पोटात गेलं, तेवढंच यात आहे.

पहिले पंधरा दिवस मी बाहेरचं काही खाल्लंच नाही. कारण एकच, गुणाकार. त्या वेळी एका पौंडाला साधारण १०५ ते ११० रुपये पडायचे. चहाचा कप साडेतीन पौंड, म्हणजे पावणेचारशे रुपये. एवढ्यात गावच्या टपरीवर महिनाभर चहा होतो. बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेबाची खोड असतेच. शेवटी बहीण वैतागली. म्हणाली, "ताई, गुणाकार करत बसशील तं उपाशी मरशील व. इथे पगार पौंडात हाय, खर्चबी पौंडात." तिचं बरोबर होतं.

पण खरं कारण निव्वळ पैसा नव्हता. आमच्या घरात हॉटेलात जायची रीतच नव्हती. वडील राईस मिलमध्ये हमाली करायचे. ते सांगत, १९६० नंतरच्या काळातही रस्त्यावरच्या एका हॉटेलात आपल्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या, मागच्या भिंतीशी ठेवलेल्या असायच्या. आपली आपण घ्यायची, चहा वरून ओतून घ्यायचा, बाहेर उकिडवं बसून प्यायचा आणि कप धुऊन जागेवर ठेवायचा. पैसे मात्र सर्वांइतकेच. वडिलांनी एकदा ठरवलं की धुवायचा कप आपल्याला नको, आणि पुढे जन्मभर हॉटेलचा चहा प्यायले नाहीत. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो तरी भाकरी-चटणी घरून बांधलेली. आम्हा पोरांना वाटायचं, वडील कंजूस आहेत.

म्हणून ग्लासगोत पहिल्यांदा एका साध्या उपाहारगृहात शिरले तेव्हा मी दारातच थबकले. बसायचं कुठे, हे कोणी सांगेल म्हणून उभी राहिले. एक मुलगी आली, हसली, खिडकीजवळचं टेबल दाखवलं. मी सूप आणि पाव मागितला. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. बहीण म्हणाली, पाण्याचे पैसे नाहीत. स्कॉटलंडमध्ये ज्या ठिकाणाला दारू विकायचा परवाना आहे, तिथे गिऱ्हाइकाने मागितलं तर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, असा नियमच आहे. मला १९२७ चं महाड आठवलं. पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली होती. इथे पाण्याचा हक्क एका परवान्याच्या अटीत बसवून टाकलाय आणि त्याबद्दल कोणाला काही विशेष वाटतही नाही.

आपल्या संविधानातलं पंधरावं कलम पुष्कळांना पाठ आहे. पण त्यातला दुसरा भाग आपण घाईत वाचतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे अटकाव करता येणार नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. विहिरी, तलाव, रस्ते त्याच्याही खाली येतात. देशाच्या घटनेत चहाचं हॉटेल का घालावं लागलं, हे ज्याने भिंतीमागची कपबशी पाहिली त्यालाच कळतं. अभ्यासिकेत मी हे कलम मुलांना शिकवते. ते टेबलावर बसून, गरम सूप पिताना मनात घोळवायची वेळ मात्र ग्लासगोतच आली.

आता पाहण्याविषयी. गरिबाला परवडेल असं शहर पाहायचं असेल तर ग्लासगो चांगलं. महापालिकेची मोठी संग्रहालयं फुकट आहेत. केल्विनग्रोव्ह नावाचं लाल दगडाचं प्रचंड संग्रहालय १९०१ साली उघडलं. आत एका दालनात छताला खरं लढाऊ विमान टांगलेलं आहे आणि त्याच्या खाली पेंढा भरलेला एक हत्ती उभा आहे. त्याचं नाव सर रॉजर. हा आशियातला हत्ती ग्लासगोच्या प्राणिसंग्रहालयात होता. पुढे तो अंगावर जायला लागला म्हणून १९०० साली त्याला गोळी घातली. नवेगावबांधच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या बाईला दूरदेशी तो एकटा हत्ती पाहून कसंसंच झालं. दुपारी तिथे मोठा ऑर्गन वाजवतात. तोही फुकट. कामावरून सुटलेली माणसं, म्हाताऱ्या, बाबागाडीवाल्या आया बाकांवर बसून ऐकतात. मी घरून पोळी-भाजी नेली होती. बाहेर पाऊस, म्हणून संग्रहालयात डबा खायला दिलेल्या जागी बसून खाल्ली. कोणी डब्यात डोकावलं नाही.

शहराखाली छोटी भुयारी रेल्वे आहे. १८९६ सालची, पंधरा स्टेशनं, एकच गोल. झोप लागली तरी चिंता नाही, फिरून तिथेच येता. नदीकाठच्या रिव्हरसाइड संग्रहालयात वाफेचं एक अवाढव्य इंजिन आहे, ग्लासगोत बांधून दक्षिण आफ्रिकेला पाठवलेलं आणि नंतर परत आणलेलं. एके काळी हे शहर जगाला इंजिनं पुरवायचं. आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनीवरही ग्लासगोची इंजिनं धावली. गोंदियाहून सौंदडमार्गे चांद्याकडे जाणारी आपली लाइन आधी छोटीच होती. तिच्या धुराने आमच्या आजीचे वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. त्या काजळीचा उगम मी पाहून आले, असं आता गमतीने म्हणते.

ग्लासगोचं सर्वांत विनोदी प्रेक्षणीय स्थळ म्हणजे घोड्यावर बसलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा. त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी शंकू उलट्या टोपीसारखा घातलेला असतो. पालिका काढते, लोक रात्री पुन्हा चढवतात. २०१३ साली पालिकेने चौथरा उंच करायचं काढलं, तर लोकांनी इतका विरोध केला की तो बेत सोडावा लागला. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला आर्थर वेलस्ली. १८०३ साली असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा त्याने पराभव केला, त्याच वर्षी विदर्भातला गाविलगड घेतला. असईत त्याच्याबरोबर स्कॉटिश पलटणीही होत्या. आपल्याकडे पुतळ्यावरून दंगली होतात. इथे शंकूवरून हसतात. पण मी माझ्यापुरतं सांगते, पुतळा कोणाचा आहे आणि त्याने कोणावर राज्य केलं, यावर हसणं अवलंबून असतं. आपल्या वस्तीतल्या पुतळ्याची विटंबना आणि या शंकूची थट्टा एका तराजूत घालता येत नाही.

हा पुतळा ज्या इमारतीपुढे आहे तिथे आज आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. मुळात ते विल्यम कनिंगहॅम या तंबाखूच्या व्यापाऱ्याचं घर, १७७८ सालचं. गुलामांनी पिकवलेल्या तंबाखू आणि साखरेवर हे व्यापारी गबर झाले. शहरातले कित्येक रस्ते अजून त्यांच्या नावाचे आहेत. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ साली स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की गुलामीच्या पैशातून आलेल्या देणग्या आपण घेतल्या, आणि २०१९ ला वेस्ट इंडीजच्या विद्यापीठाबरोबर दोन कोटी पौंडांचा संशोधनाचा करार केला. रक्कम पुरेशी आहे का, हा वेगळा वाद. पण आपल्या वाडवडिलांनी माणसांना माणूस मानलं नाही, हे छापून सांगायला छाती लागते. आपल्याकडच्या किती संस्थांनी असा हिशेब मांडला?

तिखट खायची इच्छा झाली की पोलोकशील्ड्स नाहीतर गोव्हनहिल भागात जायचं. तिथे पाकिस्तानी आणि भारतीय दुकानं आहेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, तूरडाळ सगळं मिळतं. याच पोलोकशील्ड्समधल्या केनमुअर स्ट्रीटवर १३ मे २०२१ ला सरकारी अधिकारी दोन भारतीय माणसांना परवान्याच्या कारणावरून पकडून गाडीत घालून नेत होते. शेजाऱ्यांनी गाडीला वेढा घातला, एक जण गाडीखालीच जाऊन झोपला. दिवसभर शेकडो माणसं हटली नाहीत, शेवटी दोघांना सोडून द्यावं लागलं. वेढा घालणारे सगळ्या रंगाचे, सगळ्या धर्मांचे होते. ती गल्ली मी मुद्दाम पायी फिरून पाहिली. पाहायला काहीच नाही, दगडी घरं आणि झाडं. पण मला ती केल्विनग्रोव्हइतकीच प्रेक्षणीय वाटली.

चिकन टिक्का मसाला नावाचा जो पदार्थ सगळ्या ब्रिटनमध्ये खातात, तो आपणच पहिल्यांदा केला असा दावा ग्लासगोच्या शीश महल हॉटेलचे मालक अली अहमद अस्लम करत. १९७० च्या दशकात कोणा गिऱ्हाइकाला कोरडं चिकन नको होतं, म्हणून त्यांनी टोमॅटो सूप आणि मसाला घालून रस्सा केला म्हणे. ते २०२२ च्या डिसेंबरात वारले. रॉबिन कुक या स्कॉटिश मंत्र्याने तर २००१ साली हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ आहे, असं भाषणात सांगितलं होतं. मी खाऊन पाहिला. गोड लागतो. आमच्या लाल रश्श्यापुढे आजाऱ्याचं पथ्य वाटलं, पण गोऱ्या लोकांना तेवढंही तिखट लागतं आणि ते घाम पुसत आनंदाने खातात.

बर्कले स्ट्रीटवरच्या गुरुद्वारातही आम्ही दोनदा जेवलो. तिथे गोरे विद्यार्थी, कामगार, आमच्यासारखे पाहुणे, सगळे सोबत बसतात आणि नाव-गाव न विचारता वाढतात. डाळ, भात, पोळी. इस्पितळातली थकलेली नर्स तिथे पोटभर जेवून निघते, हे बहिणीनेच मला सांगितलं.

आता जे सांगायचं ते सांगते. दिवाळीला मराठी मंडळींचा फराळ होता, एका भाड्याच्या सभागृहात. बहिणीचे दिवस भरत आले होते, तरी ती हौसेने निघाली. मी अनारसे केले होते. एक बाई फार गोड बोलत होत्या. "तुम्ही कुठल्या?" गोंदिया जिल्ह्यातली, सौंदडची. "अच्छा, आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. मग एक क्षण गेला. तो क्षण कसा असतो ते आपल्या वाचकांना समजावून सांगावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "घरी सगळंच चालत असेल ना तुमच्याकडे, खायला?" आणि पलीकडे कोणाला तरी हाक मारून निघून गेल्या. अनारशांचा डबा टेबलाच्या टोकाला राहिला. निघताना उचलला तर झाकण कोणी काढलेलंही नव्हतं. सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. कोल्हापूरकडचं एक तरुण जोडपं शेवटपर्यंत आमच्याजवळ बसलं होतं. पण पाच हजार मैल विमानाने आले तरी तो प्रश्न माझ्या आधी येऊन बसला होता.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला कायद्यात अजून स्पष्ट जागा नाही. २०१० च्या समानता कायद्यात जात घालण्याचं कर्तव्य संसदेने २०१३ साली सरकारवर टाकलं, पण जुलै २०१८ मध्ये सरकारने ते करणार नाही असं जाहीर केलं. न्यायालयं प्रकरणानुसार पाहतील, अशी भूमिका घेतली. न्यायालयाने पाहिलंही आहे. भारतातून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईला २०१५ साली तिथल्या न्यायाधिकरणाने एक लाख ८३ हजार पौंडांच्या वर भरपाई दिली. पण अनारशाचा डबा कोण कोणत्या कोर्टात नेणार?

त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आलं की बहीण दोन ताटांत जगते. इस्पितळातल्या भारतीय मैत्रिणींना तिने सांगून ठेवलं होतं, मी फक्त चिकन खाते, तेही कधीतरी. घरी खिमा शिजला तरी खिडक्या उघडायची, जिन्यात वास जाऊ नये म्हणून. आणि वजरी? ती तर आईच्या हातची तिला सर्वांत प्रिय. पण ग्लासगोत आल्यापासून तिने कधी आणलीच नव्हती. मी रागावले नाही. एकटी पोरगी परक्या देशात कशाकशाशी भांडेल?

डिसेंबरात तिथे पावणेचारलाच अंधार पडतो. बाळ नोव्हेंबरात झालं, त्यामुळे तो अंधार आम्ही घरातच काढला. २४ जानेवारीला तर असं वादळ आलं की सरकारने लाल इशारा दिला, गाड्या बंद, शाळा बंद, लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून मोबाइलवर घंटा वाजल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वारा पडला. २५ जानेवारी हा रॉबर्ट बर्न्स या कवीचा जन्मदिवस. १७५९ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा पोरगा स्कॉटलंडचा राष्ट्रीय कवी. त्या रात्री देशभर त्याच्या नावाचं जेवण असतं. वॉर्डातल्या मैत्रिणींनी एका पबमध्ये टेबल धरलं होतं. दहा आठवड्यांचं बाळ घेऊन आम्हीही गेलो.

थोड्या वेळाने बॅगपाइप वाजू लागली. सगळे उभे राहिले. एका मोठ्या थाळीत फुगलेला तपकिरी गोळा वाजतगाजत आणला गेला, जणू नवरदेवच. घागऱ्यासारखा किल्ट नेसलेल्या एका म्हाताऱ्याने त्या गोळ्याला उद्देशून बर्न्सची कविता म्हटली आणि मधेच सुरा खुपसून तो फोडला. वाफ उठली, टाळ्या पडल्या. मी बहिणीला विचारलं, हे काय हाय? ती हळूच म्हणाली, "हॅगिस. मेंढीचं दिल, कलेजी, फोपसं बारीक करून त्यात ओट, कांदा, चरबी, मिरपूड घालतात आणि पोटाच्या पिशवीत भरून उकडतात."

मी म्हटलं, "मंग हे तं आपलंच होय व!"

बाजूला शिजवलेला सलगम आणि बटाट्याचा लगदा. मी दोनदा मागून घेतलं. चव थेट ओळखीची, फक्त लसूण-मिरची कमी. सकाळच्या न्याहारीत हे लोक काळं पुडिंगही खातात. ते म्हणजे रक्त आणि ओट घालून केलेली आपली रगती.

खाता खाता मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. जनावराचा चांगला भाग मालकाला आणि आतडी, खूर, मुंडी, रक्त ते गरिबाला, हे स्कॉटलंडमध्ये झालं, आपल्याकडेही झालं. तिथेही हसणारे होतेच. इंग्रजांचा मोठा पंडित सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ सालच्या शब्दकोशात ओट या धान्याचा अर्थ देताना चिमटा काढला की इंग्लंडमध्ये हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं खातात. स्कॉट लोकांनी ओट सोडलं नाही. बर्न्सने १७८६ साली उलट हॅगिसवरच कविता लिहिली, आणि आज तोच पदार्थ देशाचं निशाण झाला आहे. शाकाहारी लोकांनाही त्यात वाटा हवा म्हणून १९८४ पासून डाळी-ओटाचं शाकाहारी हॅगिस निघालं.

बर्न्सलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. कविता गाजण्याआधी, गरिबीला कंटाळून तो जमैकाला गुलामांच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून जायला निघाला होता, १७८६ मध्येच. पुस्तक खपलं म्हणून राहिला. पण ताटातल्या गोष्टीत त्याचं मी ऐकते.

आपल्याकडे उलट घडलं. ज्यांनी आपल्याला उरलेलं खायला भाग पाडलं, त्यांनीच पुढे तुम्ही हे खाता म्हणून नाक मुरडलं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, ते मिंधेपणातून सुटण्यासाठी. आपल्या समाजाने ऐकलं आणि ते योग्यच झालं. पण खाटकाकडून रोख पैसे देऊन आणलेली ताजी वजरी आणि गावकीत पदरात पडलेलं मढं यांत फरक आहे. तो फरक आपल्याच शिकलेल्या घरांमध्ये पुसला गेला आहे. पाहुणे आले की पनीर. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या आपल्या लोकांच्या अन्नाची रीतसर नोंद केली, तेव्हा कुठे या पदार्थांना छापील कागद मिळाला. झाडीपट्टीतलं अजून कोणी लिहायचं आहे.

खुद्द बाबासाहेब परदेशात काय खात होते? लंडनला शिकताना पैशाची इतकी ओढाताण की ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बसून परतल्यावर रात्रीच्या भुकेला एक कप बोव्हरिल आणि भाजलेले पापड, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचलेलं आहे. हे बोव्हरिल मला ग्लासगोच्या दुकानात दिसलं. काळ्या रंगाची बुटकी बाटली. गोमांसाचा दाट अर्क, गरम पाण्यात ढवळून प्यायचा. तो काढणारा जॉन लॉसन जॉन्स्टन हा एडिंबरोचा खाटीक. आजही थंडीत फुटबॉलच्या सामन्याला स्कॉटलंडचे कामगार कपात ते घेऊन उभे असतात. मी बाटली आणून एक कप केला. खारट, कडसर, पोटाला ऊब देणारं. पण ते जेवण नाही. त्यावर रात्र काढणाऱ्या माणसाने पुढे हॉटेलचं दार सर्वांना उघडं राहील असं लिहून ठेवलं, हे मनात आल्यावर दुसरा कप माझ्याने घेववला नाही.

बर्न्सच्या जेवणानंतरच्या रविवारी मी बहिणीला म्हटलं, चल गोव्हनहिलला. तिथल्या हलाल खाटकाकडे वजरी मिळाली. आपल्याहून स्वच्छ, आणि मटणाच्या मानाने फारच स्वस्त. तरी मी गरम पाण्यात टाकून सुरीने खरवडली, सवय जाते का? कांदा, लसूण, खोबरं भाजून वाटलं, घरून नेलेलं तिखट घातलं, कुकरला आठ शिट्ट्या दिल्या. बहीण खिडकी उघडायला उठली. मी म्हटलं, राहू दे, बाळाला थंडी लागेल.

अर्ध्या तासात दार वाजलं. खालच्या मजल्यावरची ऐंशीच्या घरातली आजी. बहिणीचा चेहरा पडला. आजी म्हणाली, काय शिजतंय, जिनाभर वास आहे. बहिणीने अडखळत सांगितलं. आजी दारातच टाळी वाजवून हसली. तिची आई गोदीतल्या कामगाराची बायको, दर आठवड्याला वजरी दूध-कांद्यात शिजवायची, आता नातवंडं नाव ऐकलं तरी ई करतात, असं ती म्हणाली. आम्ही तिला भाताबरोबर वाढलं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण ताट पुसून खाल्लं. नंतर कागद मागून बहिणीकडून कृती लिहून घेतली. तिखट किती, यावर दोघींची बराच वेळ घासाघीस चालली होती.

मार्चअखेर मी परत आले. मागच्या महिन्यात बहिणीचा फोन होता. वॉर्डात प्रत्येकीने आपापल्या घरचा पदार्थ आणायचा दिवस होता. ती वजरीचा मोठा डबा घेऊन गेली आणि विचारणाऱ्याला सरळ नाव सांगितलं. केरळच्या दोघी नर्सनी आवडीने खाल्ली, एका स्कॉटिश मदतनिसानेही. आपल्याकडच्या एक-दोघींनी हात लावला नाही. अर्धा डबा घरी परत आला. तो रात्री जावईबापूंनी कामावर जायच्या आधी भाताबरोबर संपवला.